सामानात एक टेप असू द्या

तमिळनाडूत चेट्टिनाडला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. कानाडुकातन गावात भर दुपारी एका जुन्या घराच्या उंबऱ्यावर उभी होते. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, असं ऊन. समोर पाहिलं, तर एकामागून एक चौक ओलांडून नजर थेट मागच्या दाराबाहेरच्या उजेडापर्यंत पोचली. ही घरं एका रस्त्यावर सुरू होतात आणि मागच्या रस्त्याला संपतात. दारासमोर दार, त्याच्यासमोर पुन्हा दार. चौकातली हवा तापून वर जाते आणि तिच्या जागी दारांतून, सावलीतून नवी हवा आत येते. डोक्यावर पंखा नव्हता, तरी माझी ओढणी हलत होती.

मी बॅगेतून टेप काढली आणि दाराची रुंदी मोजली.

गेली काही वर्षं ही माझी सवय आहे. सुतारांकडे असते तशी पाच मीटरची टेप आणि एक वही, दोन्ही सामानात असतातच. फिरताना आपल्याला एखादं घर, एखादी जुनी खोली फार आवडते. फोटो काढतो, तिथला एखादा पितळी दिवा विकत आणतो, आणि घरी आल्यावर तो दिवा शोकेसमध्ये परका दिसतो. कारण आवडलेला असतो तिथला उजेड, बसायची उंची, भिंतीचा गारवा. ते मोजून आणता येतं, आणि टू-बीएचकेमध्येही बसवता येतं, हे मी स्वतः करून पाहिलंय.

चेट्टिनाडच्या घरांपुढे तिण्णै असतो, म्हणजे आपला ओटाच. येणाऱ्या-जाणाऱ्याने टेकायचं, व्यापाराचं बोलणं करायचं, ते तिथेच. मी मोजला तो सोळा इंच उंच होता आणि खोली जवळजवळ तीन फूट. म्हणजे मांडी घालून ऐसपैस बसता येतं. आपल्या घरातला सोफा मोजून बघा. पाय खाली सोडूनच बसावं लागतं, आणि आपली आई, सासू, मावशी शेवटी जमिनीवर नाहीतर पलंगावर जाऊन बसतात. गुडघे दुखणाऱ्या बाईला जमीनही नको असते. तिला हवा असतो हा ओटा.

आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या खिडकीखाली तो केला. स्लॅबवर विटांचं वजन नको म्हणून प्लायवुडचा सांगाडा, वर कोट्याची लादी. उंची सोळा इंच, खोली अडीच फूट, कारण तीन दिली तर चालायला जागा उरत नव्हती. मुख्य दरवाजासमोर जाळीचं पार्टिशन लावायचं इंटिरिअरवाल्यांनी फार मनावर घेतलं होतं. मी नको म्हटलं. आता दरवाजा उघडला की किचनच्या ड्राय बाल्कनीपर्यंत सरळ मोकळं आहे आणि मे महिन्यातही त्या रेषेत वारा असतो.

आता फरशीबद्दल. कानाडुकातनपासून जवळच आत्तंगुडी गाव आहे. तिथल्या फरशा भट्टीत भाजत नाहीत. काचेच्या तुकड्यावर लोखंडी चौकट ठेवतात, तिच्यात नक्षीचा साचा, आणि साच्याच्या एकेका कप्प्यात पळीने रंगीत सिमेंट ओततात. साचा अलगद उचलला की रंग एकमेकांत न मिसळता तसेच राहतात. वरून कोरडी वाळू-सिमेंट, मग ओला माल, मग थापून सपाट. काही दिवस पाण्यात ठेवून वाळवली की काच सुटते आणि जी बाजू काचेला लागून होती ती लखलखते. ती चकाकी काचेची देणगी आहे, पॉलिशची नाही. तासभर तिथून माझा पाय निघाला नाही. दोन फरशा एकसारख्या कधीच होत नाहीत, आणि म्हणूनच ती जमीन जिवंत वाटते.

दाराजवळच्या बोळापुरत्या तीस फरशा लागणार होत्या, मी छत्तीस मागवल्या. घेणार असाल तर दोन गोष्टी सांगते. ही फरशी व्हिट्रिफाइडपेक्षा जाड असते, तेव्हा गवंड्याला पातळी आधीच सांगा. आणि तिला अ‍ॅसिड चालत नाही. बाथरूम क्लीनर तर नकोच, लिंबू सांडलं तरी लगेच पुसा.

पण त्याच सहलीत एक दुःखही घेऊन आले. कराईकुडीत मुनीश्वरन कोविल स्ट्रीट आहे, जुन्या वस्तूंची बाजारपेठ. तिथे बर्मी सागाचे खांब, कोरीव चौकटी, अख्खे दरवाजे रस्त्याकडेला उभे असतात. ज्या चेट्टियार सावकारांनी बर्मा, सिलोन, मलायात पैसा कमावून ही घरं बांधली, त्यांचा व्यापार दुसऱ्या महायुद्धानंतर बसला, कुटुंबं पांगली, एकेका घराला भरमसाट वारस झाले. चेट्टिनाडची गावं २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि तरी घरं सुटी होऊन विकली जातायत. आपण हौसेने ‘अँटिक दरवाजा’ घेतो तो कुठल्या तरी पाडलेल्या घराचा असू शकतो, हे मला तिथे उभं राहून टोचलं. साताऱ्याचा आमच्या आजोळचा वाडा पाडला तेव्हा त्याचे खांब, तुळया असेच कोणीतरी नेले. मी काहीही विकत घेतलं नाही. नवा दरवाजा त्याच मापाचा, आपल्या सुताराकडून करून घेता येतो; त्याच्याही हाताला काम मिळतं.

गोव्याचं थोडक्यात सांगते. तिथल्या जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या चकत्या असतात, लाकडाच्या अरुंद पट्ट्यांत बसवलेल्या. ऊन आत येतं, पण दुधासारखं होऊन. पर्वरीजवळ तोर्ड्याला जेरार्ड दा कुन्हा या वास्तुविशारदांनी गोव्यातल्या घरांवर संग्रहालयच उभारलंय, ते समुद्रकिनाऱ्याआधी बघा. मी शिंपले शोधत बसले नाही. आमच्या पश्चिमेच्या खिडकीला अरुंद पट्ट्यांत दुधी काच लावली आणि चार वाजताची तिरीप सुसह्य झाली.

दसऱ्यापासून सासूबाई संध्याकाळी त्या खिडकीच्या ओट्यावर मांडी घालून भाजी निवडतात.

तुमच्या गावाकडचं घर अजून उभं असेल, तर एक विनंती. पुढच्या वेळी गेलात की ओट्याची उंची मोजून मला कळवा. कोकण, देश, विदर्भ, खानदेश, कुठलंही चालेल. मी वहीत लिहून ठेवतेय. साताऱ्याच्या आमच्या ओट्याचं माप मला फार हवं होतं. आजोबा तिथे अडकित्ता घेऊन बसायचे आणि माझे पाय जमिनीला पोचायचे नाहीत, एवढंच आठवतंय.