थोडासा चढ आहे

आमच्या मित्राच्या तोंडी 'थोडासा' हा शब्द नसता, तर माझे गुडघे आणखी दहा वर्षं टिकले असते.

हा मित्र धावण्याचे मार्ग शोधतो. लोक मोबाइलवर लग्नाचे फोटो बघतात तसा तो नकाशे बघतो, आणि मध्येच स्वतःशी हसतो. टेकडी, टेकडीपलीकडे जंगल, जंगलाखाली नदीचं खोरं आणि काठाकाठाने परत गाडीपाशी, असा वळसा सापडला की रात्री अकराला त्याचा फोन ठरलेला. "बारा किलोमीटर. थोडासा चढ आहे. दीड तासाचं काम."

सपाट रस्त्यावर बारा किलोमीटर मी सव्वा तासात पळतो. म्हणजे चढासाठी पंधरा मिनिटं वेगळी काढली होती. मला तो उदारपणा वाटला.

विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ सालीच हिशेब सांगून ठेवलाय, हे मला नंतर कळलं. नकाशावरच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला वर आणखी एक तास. हे चालणाऱ्याचं गणित. आमच्या वळशात चढ बरोबर ६०० मीटरचा होता, म्हणजे चालत ३ तास २४ मिनिटं. आम्ही धावत गेलो आणि आम्हाला ३ तास १० मिनिटं लागली. चौदा मिनिटं वाचली. त्यांची किंमत पुढे येईलच.

चूक नकाशाची नव्हती, हे मान्य करायला हवं. त्यावर समोच्च रेषा होत्या, दर वीस मीटरला एक. तीस रेषा! मला वाटलं, अंगठ्याच्या ठशासारखी नक्षी आहे, छान दिसतेय. या रेषांचा इतिहास मित्राने गाडीतच ऐकवला होता. १७७४ साली स्कॉटलंडमध्ये शीहॅलियन नावाचा डोंगर मोजला. शेजारी टांगलेल्या ओळंब्याला डोंगर स्वतःकडे किती ओढतो, यावरून पृथ्वी किती भरीव आहे ते काढायचं होतं. मोजमापांचा ढीग पडला, तेव्हा चार्ल्स हटन या गणितज्ञाने सारख्या उंचीचे बिंदू रेषांनी जोडून तो निस्तरला. ज्या रेषांनी पृथ्वीचं वजन काढायला मदत केली, त्या माझं काढायला कितीसा वेळ लावणार?

सुरुवात दरीतून होती. रात्रीची थंड हवा जड होऊन खाली दरीत साचते, त्यामुळे पहाटे टेकडीपेक्षा पायथ्याशीच जास्त गारठा असतो. हेही मित्राला ठाऊक होतं. त्याने जाकीट घातलं होतं. मला मात्र म्हणाला होता, "पळताना गरम होतंच की."

जंगलाच्या तोंडाशी पायवाट अरुंद झाली, तसा तो अदबीने बाजूला झाला. "तू हो पुढे." मी सुखावलो. आपल्या वेगाबद्दल कुणाला तरी आदर आहे म्हणायचा! पन्नास पावलांवर पहिलं जाळं तोंडावर बसलं. मग दुसरं. पुष्कळ कोळी रात्रीत नवं जाळं विणतात आणि दोन झाडांमधली मोकळी जागा, म्हणजे पायवाट, त्यांना फार सोयीची पडते. सकाळी पहिला जाणारा माणूस हा त्या वाटेवरचा केरसुणा असतो. मागून आवाज येत होता, "मस्त पळतोयस. असाच पुढे राहा."

आणि मग तो थोडासा चढ आला.

चढावर आधी श्वास जातो, मग पोटऱ्या, मग विचारसरणी. पहिल्या शंभर मीटरमध्ये मी पळत होतो. पुढे पळण्याचा अभिनय करत होतो, म्हणजे हात पळण्याचे आणि पाय चालण्याचे. शेवटी दोन्ही हात मांड्यांवर दाबून, कमरेत वाकून, हरवलेलं नाणं शोधावं तसा वर सरकू लागलो. "बरोबर करतोयस," मित्र म्हणाला. "खड्या चढावर चालायचंच असतं. पळण्यापेक्षा कमी दमवतं." आयुष्यात पहिल्यांदा माझी हार तंत्र म्हणून खपली.

एवढ्यात मनगटावर घड्याळ थरथरलं. मला वाटलं, शाबासकी असेल. थांबलात की आपोआप वेळ मोजणं थांबवायची सोय त्यात आहे. मी थांबलोय अशी त्याची खात्री पटली होती. मी जीव तोडून चढत होतो आणि घड्याळ माझ्यासाठी वाट बघत उभं होतं. या घड्याळाचं आणि माझं तसंही फारसं पटत नाही. उंची ते हवेच्या दाबावरून ठरवतं. पाऊस येण्याआधी दाब उतरला की उभ्या जागी मला वीस-तीस मीटर वर चढवतं. खुर्चीत बसून केलेली ती चढाई माझ्या एकूण हिशेबात आहे आणि ती मी काढणार नाही.

मी धापा टाकत असलो की मित्राला गोष्टी आठवतात. "गॉर्डी एन्स्ली माहितीय? कॅलिफोर्नियात घोड्यांची शंभर मैलांची शर्यत असते, चोवीस तासांत. १९७३ ला याचा घोडा वाटेत लंगडायला लागला. १९७४ ला हा घोड्याशिवायच गेला. शंभर मैल स्वतःच पळाला. २३ तास ४२ मिनिटं!" डोंगरातल्या लांब शर्यतींचं वेड पसरवण्यात या माणसाचा मोठा हात आहे म्हणे. मला प्रश्न एवढाच पडला, की घोडा लंगडला तर माणूस पळाला. माणूस लंगडला तर कोण पळणार? विचारायला श्वास उरला नव्हता.

माथा दिसला. मी उरलेली सगळी ताकद काढून वर पोहोचलो आणि त्याच्या मागून दुसरा माथा वर आला. त्याच्या मागून तिसरा. फुगीर उताराचा हा स्वभावच आहे, खाली तीव्र, वर सपाट होत जाणारा, त्यामुळे खालून खरा माथा दिसतच नाही. नकाशावर तेही लिहिलेलं असतं. रेषा खाली दाट असतात, वर विरळ. मला ती नक्षी वाटली होती, हे मी सांगितलंय.

उताराबद्दल मला फार आशा होत्या. दर शंभर मीटरला वीसेक मीटर उतरणाऱ्या वाटेवर धावायला सर्वांत कमी शक्ती लागते, असं शास्त्र सांगतं. श्वासाला ते कळलेलं असतं. मांड्यांना कुणी कळवलेलं नसतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो आणि बारीक बारीक जागी इजा करून घेतो. तिकडे पानांच्या थराखाली मुळं लपलेली, ओले दगड टपलेले. मी एका झाडाला मिठी मारली. मग दुसऱ्याला. लांबून बघणाऱ्याला मी फार मोठा निसर्गप्रेमी वाटलो असेन.

खाली नदी होती. वळणावर एका ठिकाणी पात्र अगदी चिंचोळं दिसत होतं, दोन ढांगांत पार. मी वेळ वाचवायचा म्हणून तिथेच घुसलो. नदीचं एक साधं तत्त्व आहे, सगळं पाणी कुठूनतरी जायचंच असतं. पात्र अरुंद झालं की ते खोल तरी होतं किंवा वेगाने तरी जातं. इथे दोन्ही होतं, कारण वळणाच्या बाहेरच्या काठाला नदी खरवडत असते आणि गाळ आतल्या काठाला टाकते. मी गुडघ्यापर्यंतची अपेक्षा घेऊन उतरलो आणि कमरेपर्यंतचं उत्तर मिळालं. मित्र पन्नास पावलं वर गेला, जिथे पात्र पसरट होतं आणि पाणी खडखडत होतं. घोटाभर पाण्यातून पलीकडे आला आणि बुटाची नाडी बांधत माझी वाट बघत बसला. त्याने काही शिकवलं नाही. तेच जास्त लागलं.

घरी येऊन घड्याळाचा माग बघितला. दरीत कड्यांवरून उपग्रहाचे संकेत आपटून येतात, त्यामुळे रेघ भरकटते. त्याप्रमाणे मी नदी सात वेळा ओलांडली होती आणि एकदा कड्यातून आरपार गेलो होतो. बायको म्हणाली, "हे मात्र खरं वाटतं. चेहऱ्यावरून."

दुसऱ्या दिवशी बरा होतो. मी मित्राला तसं कळवलंही, जरा तोऱ्यातच. उताराचं दुखणं सावकाश वर येतं, हे तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जिना उलटा उतरलो, कठडा धरून, एकेक पायरी, शिडीवरून उतरतात तसा. पाचव्या पायरीवर असताना फोन वाजला.

"यावेळी नदीकाठचाच आहे रे. जवळजवळ सपाट. एकच थोडासा..."

"घोडा लंगडलाय," मी म्हणालो. "या खेपेला तू एकटाच पळ."

पलीकडे क्षणभर शांतता. कागद उलगडल्यासारखा आवाज आला.

"रविवारपर्यंत बरा होईल ना?"