‘दिसला नाही म्हणजे नाहीच’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नेपच्यूनच्या खूप पलीकडे असावा असं भाकीत असलेल्या, पण अजून न दिसलेल्या नवव्या ग्रहावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नेपच्यून नशिबाने सापडला आणि प्लूटोचं गणित तर साफ चुकलं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिका टिपणाऱ्या दुर्बिणींना आपल्याच अंगणातला ग्रह दहा वर्षांत दिसत नसेल, तर तो नाहीच. आणि नाशिकमधून आठ इंची दुर्बिणीवाल्याने या कागदी ग्रहांचं करायचं काय?

प्लूटोबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचं भाकीत करणाऱ्या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ लॉवेलला पृथ्वीच्या सुमारे सातपट वस्तुमानाचा ग्रह हवा होता. प्लूटो पृथ्वीच्या पाव टक्काही भरत नाही. 1930 मध्ये तो भाकिताच्या जागेपासून सुमारे सहा अंशांवर सापडला, हा योगायोग. युरेनसच्या कक्षेतल्या ज्या फरकांवरून गणित मांडलं तेही पुढे विरघळले: व्हॉयेजर 2 यानाने 1989 मध्ये नेपच्यूनचं वस्तुमान नेमकं दिलं, ते आधीच्या आकड्याहून अर्ध्या टक्क्याने कमी निघालं, आणि 1993 मध्ये खगोलशास्त्रज्ञ स्टँडिश यांनी ते घालून हिशेब केला तेव्हा समजावून सांगण्यासारखं काही उरलंच नाही.

नेपच्यूनच्या बाबतीत मात्र सगळं नशिबावर टाकता येत नाही. गणिताने त्याची जागा सांगणाऱ्या ल व्हेरिए यांनी ग्रह 36 खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर) धरला होता, तो निघाला 30 वर. तरी 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांना तो सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत मिळाला, कारण हाताशी त्या भागाचा नवा तारानकाशा होता. त्याच ऑगस्टमध्ये केंब्रिजला चॅलिस यांनी नेपच्यूनची नोंद केली होती, पण नोंदी वेळेवर ताडून पाहिल्या नाहीत. लालांद यांनी तर 8 आणि 10 मे 1795 रोजी तो दोनदा नोंदवला, जागा जुळेना म्हणून पहिली नोंद चूक समजून टाकून दिली. लॉवेलच्या वेधशाळेच्या 1915 च्या काचपट्ट्यांवरही प्लूटो होता! तेव्हा ‘दिसला नाही’ म्हटलं की मी आधी विचारतो: आकाशाचा कुठला भाग, किती मंद प्रतीपर्यंत (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं बिंब मंद) आणि किती सावकाश सरकणारं बिंब शोधलं होतं?

दीर्घिकांशी तुलना इथेच फसते. दीर्घिका स्वतःच्या प्रकाशाने दिसते आणि जागची हलत नाही, त्यामुळे तासन्‌तास प्रकाश साठवता येतो. ग्रहाकडे सूर्यप्रकाश जाताना अंतराच्या वर्गाने विरतो, परत येताना पुन्हा वर्गाने. म्हणजे अंतर दुप्पट झालं की तेज सोळावा हिस्सा, तीन प्रतींची घट. आजचा प्लूटो सुमारे 35 एककांवर, 14.4 प्रतीचा. तो 350 एककांवर नेला तर 24.4 प्रतीचा होईल. त्याच्या दहापट व्यासाचा, तितकाच परावर्तक ग्रह तिथे 19.4 चा दिसेल, आणि 700 एककांवर 22.4 चा. हवाईतल्या दुर्बिणींनी केलेलं पॅन-स्टार्ससारखं आकाश-सर्वेक्षण साधारण साडेएकवीसपर्यंत पोचतं: पहिला ग्रह हाती लागेल, दुसरा निसटेल. 2024 मध्ये, नवव्या ग्रहाचं भाकीत करणाऱ्यांपैकीच एक असलेल्या ब्राउन आणि सहकाऱ्यांनी याच सर्वेक्षणाची भर घालून भाकीत केलेल्या शक्यतांपैकी 78 टक्के बाद केल्या. तुमच्या बाजूने जाणारा हा सर्वांत भक्कम आकडा. तुम्ही तो वापरला नाहीत, म्हणून मीच देतो.

वेगाचा मुद्दा त्याहून नाजूक आहे. दूरचं बिंब सरकतं ते मुख्यतः पृथ्वीच्या स्वतःच्या गतीमुळे. प्रतियुतीच्या, म्हणजे वस्तू आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असण्याच्या सुमारास 40 एककांवरची वस्तू तासाला सुमारे 3.2 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकते, 100 वरची 1.3, आणि 500 वरची जेमतेम 0.28. कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत ब्राउन, ट्रुहियो आणि रॅबिनोविट्झ यांच्या सॉफ्टवेअरने तासाला दीड विकलेपेक्षा सावकाश असलेलं सगळं गाळून टाकलं होतं, कारण तिथे खोटे ठिपके फार. 2003 मध्ये नेपच्यूनपलीकडची सेडना ही वस्तू सापडली ती या मर्यादेच्या काठावर. मग चाळणी बारीक करून जुन्या प्रतिमा पुन्हा तपासल्या, आणि ऑक्टोबर 2003 च्या प्रतिमांमध्ये पडून असलेला एरिस हा बटुग्रह जानेवारी 2005 मध्ये वर आला. आकाशगंगेच्या पट्ट्यात तर सिंहस्थातल्या रामकुंडाचे दोन फोटो शेजारी ठेवून कोण एक पाऊल सरकलं ते ओळखायचं, असा प्रकार. बरीच सर्वेक्षणं तो पट्टा टाळतात.

याच टाळाटाळीचा फटका माझ्या लेखालाही बसतो. नवव्या ग्रहाची 2016 ची मांडणी नेपच्यूनपलीकडच्या सहा वस्तूंच्या कक्षा एका बाजूला झुकलेल्या दिसतात यावर उभी होती. जिथे शोधलं तिथेच सापडणार, हे धरून 2021 मध्ये चौदा वस्तू तपासल्या गेल्या, तेव्हा कक्षा सर्व दिशांना समान विखुरलेल्या असणंही आकड्यांत बसलं. 2025 मध्ये जाहीर झालेल्या ‘2023 केक्यू14’ या दूरच्या वस्तूची कक्षा सेडना आणि तिच्यासारख्या वस्तूंच्या कळपापेक्षा वेगळ्याच दिशेला आहे. लेखात मी ‘पुरावा’ लिहिलं होतं, ते बदलून ‘संकेत’ केलं आहे.

राहिलं नाशिक. आठ इंची दुर्बीण, माग काढणारी बैठक आणि कॅमेरा असेल तर प्लूटोवर हा सगळा खटाटोप स्वतः करता येतो. अडचण तारखांची. प्रतियुती जुलैअखेर, म्हणजे ऐन पावसात. ऑक्टोबरात आकाश उघडतं, पण मध्याला प्लूटो वक्रीचा मार्गी होताना स्तंभी, म्हणजे ताऱ्यांमध्ये जवळजवळ थांबलेला असतो. तेव्हा दोन रात्रींत फरक कळणार नाही. नोव्हेंबरच्या मध्याची, चंद्र नसलेली संध्याकाळ धरा. अंधार पडताच तो मकर राशीत, नैऋत्येला 35 अंशांच्या आसपास असतो. आठनंतर फार खाली जातो. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पुढे गेलात की शहराचा उजेड पूर्वेला राहतो, फक्त नैऋत्येला डोंगर आडवा येणार नाही अशी जागा निवडा. स्टेलॅरियम या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये मंद ताऱ्यांच्या जादा याद्या आधीच उतरवून घ्या, नाहीतर नकाशात त्या प्रतीचे तारेच नसतील. तीस-तीस सेकंदांच्या चाळीस प्रतिमा घ्या आणि तीन-चार रात्रींनी तोच भाग पुन्हा घ्या. प्लूटो काही कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) सरकलेला असेल. प्रत्येक रात्रीच्या प्रतिमा वेगळ्या, एकावर एक रचून एकच चित्र करा. दोन्ही रात्री एकत्र रचल्या तर प्लूटोचा प्रकाश दोन जागी वाटला जाऊन तो ताऱ्यांच्या गर्दीत हरवू शकतो, आणि तुम्ही मला लिहाल की तिथे काहीच नव्हतं.