रायफलच्या नळीतील कार्बन आणि अमोनियायुक्त द्रावण: एक खुलासा

अमोनियायुक्त द्रावण रात्रभर नळीत राहू दिले आणि सकाळी नळीतून फिरवलेल्या चिंधीवर निळा डाग उमटेनासा झाला, की नळी पूर्ण स्वच्छ झाली, असा दावा सध्या नेमबाजांमध्ये फिरत आहे. तो चुकीचा आहे.

अमोनियाची क्रिया तांब्यावर होते. गोळीच्या आवरणाचे नळीत चिकटलेले तांबे विरघळते, त्याचाच तो निळा रंग. काडतुसातील दारूच्या ज्वलनातून उरणारा कार्बन मात्र त्याला फारशी दाद देत नाही. चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या भागाच्या, अगदी पुढे, जिथे उष्णता आणि दाब प्रचंड असतो, तिथे तो थरावर थर बसून काचेसारखा कडक होतो आणि चिंधी पांढरीशुभ्र निघाली तरी ते काळे कडे जागच्या जागी असते. शिवाय ब्राँझच्या ब्रशमधील तांब्यानेही चिंधी निळी होते, त्यामुळे रंगाची ही कसोटी दोन्ही बाजूंनी फसवी ठरते.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून कार्बनसाठीचे द्रावण उत्पादकाने सांगितलेल्या वेळेपुरते मुरू द्यावे आणि मग बोअर गाइड (साफसफाईची सळई नळीच्या मधोमध ठेवणारे साधन) लावून, शक्य तिथे चेंबरच्याच बाजूने, ब्राँझचा ब्रश फिरवावा. तरीही थर सुटला नाही, तर नळीच्या उत्पादकाची हरकत नसल्यास अतिशय बारीक घासणारी पेस्ट तेवढ्याच जागी, बेताने वापरावी. थर खरोखर गेला का, हे बोअरस्कोपने आत पाहूनच ठरवावे.