हौद किती हजाराचा?

बदलीची ऑर्डर आली तेव्हा आम्ही नाशिकला जेवायला बसलो होतो. 'सोलापूर' एवढं ऐकलं आणि बायकोने आमटीचा डाव हवेतच धरला. "पाणी?" मी तिच्यापुढे तांब्या सरकवला. "इथलं नाही हो. तिथलं!"

आईचा प्रश्न वेगळा. "सिद्धेश्वर आहे ना रे तिथे? मग देवळाजवळच बघ." सहावीतल्या मुलीला शाळा चालत जाण्याइतकी जवळ हवी होती. आणि मला ऑफिस जवळ हवं होतं. माझं कुणी लिहून घेतलं नाही.

सुट्टी होती म्हणून मे महिन्यात सगळेच घर शोधायला गेलो. मे महिन्यात सोलापुरात घर शोधायला जाऊ नये, हे शहाणपण स्टेशनबाहेर पडल्या पडल्या आलं. पारा ४२च्या वर होता आणि रिक्षावाला म्हणत होता, "अजून ऊन कुठं पडलंय साहेब?"

आधी शाखेत गेलो आणि नव्या सहकाऱ्यांना विचारलं, राहायला कुठला भाग चांगला? चांगला भाग म्हणजे सांगणारा राहतो तो, हे मला कळायला हवं होतं. जुळे सोलापूर ही शहराच्या दक्षिणेची नवी वस्ती. तिथे राहणारे म्हणाले, "पेठेत गाडी कुठं लावणार सर, डोक्यावर?" पेठेतले म्हणाले, "जुळे सोलापुरात सातनंतर कुत्रं दिसत नाही बघा." जुळी भावंडं एकमेकांवर इतकी नाराज मी तरी पाहिली नव्हती. एकमत फक्त एका मुद्द्यावर झालं. कुठूनही कुठेही जायला दहा मिनिटं लागतात. सात रस्ता दहा मिनिटं, नवी पेठ दहा मिनिटं, स्टेशन दहा मिनिटं. पुणं किती लांब, हे विचारायचं मी टाळलं.

शेवटी एजंट गाठला. पुढे त्याची स्कूटर, मागे आमची रिक्षा. आमच्याकडे घराची ओळख वन बीएचके, टू बीएचके अशी करून देतात. हा म्हणायचा, "हे घर चार दिवसाआड, तीन तास, फुल प्रेशर." 'चार दिवसाआड' म्हणजे चौथ्या दिवशी की पाचव्या, यावर बायकोने भर रस्त्यात त्याची उलटतपासणी घेतली. "मॅडम, कधी चौथ्या, कधी पाचव्या. सहाव्या दिवशी आलं तर आपण भांडायला जातो."

मुलीचं लक्ष तेवढ्यात पानाच्या टपरीवरच्या वर्तमानपत्राकडे गेलं. 'उजनी उणे' असं काहीतरी ठळक छापलेलं होतं. "बाबा, धरणात वजा पाणी कसं असेल?" उजनीत एकूण ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. जिवंत साठा संपला की शून्य, आणि त्याखालचं वापरायला लागलो की वजा. मी भर उन्हात हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे उधारी." शाळेतल्या बाईंना पूर्णांक शिकवायला एवढं सोपं उदाहरण सापडलं नसेल.

एजंटचा फोन सारखा वाजायचा आणि तो पलीकडच्याला "काय करायलालास बे?" म्हणायचा. हे 'लालास' प्रकरण काय, असं मी विचारलं. त्याने पाण्याचंच उदाहरण घेतलं. "पाणी येतंय म्हणजे येईल कधीतरी. यायलालंय म्हणजे पळा!"

पहिलं घर पूर्व भागात. ऐसपैस, भाडं कमी, मालक तेलुगू बोलणारे, अतिशय सज्जन. पण शेजारच्या भिंतीतून खटक-खटक-खटक. यंत्रमाग. टॉवेल निघत होते. मी ओरडूनच विचारलं, "आवाजाचा त्रास नाही होत?" मालकांनी कान टवकारले. "कुठला आवाज?" मग समजून हसले. "रात्री लाईट गेली की होतो त्रास. माग बंद पडले की सगळी गल्ली दचकून उठते."

दुसरं घर होम मैदानाजवळ, म्हणजे सिद्धेश्वराच्या देवळाशेजारीच. आईने चपला काढतानाच ते पसंत केलं, देव्हाऱ्याची जागाही ठरवली. मालक सिद्धेश्वराच्या यात्रेचं, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेचं, वर्णन करायला लागले. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. आई हात जोडून ऐकत होती. "आणि आज्जी, १६ तारखेला तर खिडकीत बसून दारूकाम बघा!" आईचे हात सुटले. शोभेची दारू, आतषबाजी, असं मी समजावलं तेव्हा ते पुन्हा जोडले गेले. पण बायको तोवर मागचं अंगण पाहून आली होती. "हौद नाही." विषय संपला. पुढचे दोन तास आई माझ्याशी बोलली नाही. हौद जणू मीच बुजवला होता.

तिसरं होटगी रोडला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. "गच्ची तुमचीच," मालक मोठ्या मनाने म्हणाले. दुपारचे दोन वाजले होते. सोलापूरची कडक भाकरी महिना-महिना टिकते म्हणतात. ती कशी कडक करतात ते त्या गच्चीवर पाच मिनिटांत माझ्या लक्षात आलं. मधे एक जुना वाडाही पाहिला. जाड भिंती, आत गारवा, मी तिथेच पडून राहायला तयार होतो. पण जिन्यातून आमचा फ्रिज सोडा, मीसुद्धा तिरका होऊनच चढलो.

चौथं घर विजापूर रोडला. भिंती गुलाबी, खिडक्या पोपटी, ओटा इतका खाली की पोळ्या बसून लाटाव्या लागतील. मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि मालकांनी अंगणातलं लोखंडी झाकण उचललं.

बायको पुढे झाली. मोबाइलचा टॉर्च लावून तिने आत वाकून पाहिलं. मला पाहायला आली होती तेव्हाही तिने इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"किती हजाराचा?"

"वीस हजार लिटर."

"रंग काय हो, बदलता येतो," ती माझ्याकडे वळून म्हणाली. आईने क्षीण आवाजात विचारलं, "आणि देऊळ?"

"दहा मिनिटं, आज्जी!" एजंट म्हणाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सामानाचा ट्रक दारात लागला. दोर सुटायचे होते, हमाल तंबाखू मळत होते. इतक्यात वरून कुणीतरी ओरडलं, "पाणी यायलालंय!"

गल्लीतली सगळी दारं एकदम उघडली. आम्ही ऐटीत उभे. आपल्याला काय, हौद आहे. शेजारच्या काकू घागर घेऊन धावता धावता थांबल्या. "हौदाचं वापरायला हो! प्यायचं नळावरून भरून घ्या की. आता चार दिवसांनी."

आमची पिंपं, घागरी, बादल्या ट्रकमध्ये कपाटाच्याही मागे, अगदी तळाशी. तशा मीच रचायला लावल्या होत्या. बायकोने माझ्याकडे फक्त पाहिलं. मग ट्रकवर चढून तिने दिसेल ते खाली द्यायला सुरुवात केली. कुकर, डबे, मुलीची वॉटरबॅग, कूलरची टाकी. काकूंनी स्वतःच्या दोन घागरी आमच्याकडे सरकवल्या आणि मला म्हणाल्या, "उभं काय राहिलाय? धरा!"

आई पूजेचं ताम्हन घेऊन रांगेत उभी होती. नंबर आला तसं तिने ते नळाखाली धरलं आणि काकूंना हळूच विचारलं, "खरं सांगा हो, सिद्धेश्वराचं देऊळ इथून किती लांब?"

काकूंनी बादलीवरची नजर हलवली नाही.

"दहा मिनिटं."