हाताची घडी, तोंडावर बोट

गेल्या आठवड्यात तिसरीच्या एका वर्गातील फळ्यावर, ‘बोलणारी मुले’ या मथळ्याखाली, ‘मागचे काका’ अशी नोंद झाली आणि तिच्यापुढे दोन फुल्या मारण्यात आल्या. मागचे काका म्हणजे मी. माझे नाव विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही याचे वाईट वाटून घ्यावे, की त्यामुळेच ते फळ्यावर चढले नाही याचे समाधान मानावे, हे माझे अद्याप ठरलेले नाही.

निमित्त होते ‘कृतीतून शिक्षण’ या तासाचे. मदतनीस म्हणून पालकांना बोलावले होते आणि आलो होतो मी एकटा. काय तरंगते आणि काय बुडते, हे मुलांनी स्वतः करून पाहायचे होते. बाईंनी तासाचा आरंभ “हाताची घडी, तोंडावर बोट” या आज्ञेने केला. हातांनी शिकण्याचा तास हात बांधून सुरू व्हावा, यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. माझेही हात आपसूक घडीत गेले होते, त्यामुळे मी इतरांना काय नावे ठेवणार?

मला बसायला मागचा बाक मिळाला. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात आपली प्रायोगिक शाळा काढली, हे शिक्षणशास्त्र शिकलेल्या सर्वांना पाठ असते. परंतु १८९९ सालच्या व्याख्यानांत त्यांनी सांगितलेली बाकांची हकीकत मला अधिक प्रिय आहे. मुलांना सोयीची बाके शोधत ते शालेय सामानाच्या दुकानांतून हिंडत होते. एका दुकानदाराने अखेर त्यांची अडचण ओळखली आणि सांगितले की, तुम्हाला मुलांना ज्यावर काम करता येईल असे काहीतरी हवे आहे, आणि आमच्याकडचे सगळे बाक नुसते ऐकण्यासाठी बनवलेले आहेत. त्या दुकानदाराला माझा बाक दाखवायला हवा होता. त्यावर कामही होत नव्हते आणि ऐकणेही होत नव्हते. गुडघे हनुवटीला लागल्यामुळे तोंडावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती, एवढीच काय ती त्याची शैक्षणिक उपयुक्तता.

आता साहित्यप्रमुखाकडे वळतो, कारण मूळ दुखणे तेथेच आहे. वय आठ, छातीवर बिल्ला, हातात साहित्याची यादी आणि चेहऱ्यावर आयुष्यभर भांडारगृह सांभाळलेल्या माणसाची कंटाळलेली सावधगिरी. पाण्याचा टब, खिळा, रबर, लाकडी ठोकळा, बाटलीचे बूच आणि रंगीत क्लेचा गोळा, अशा सर्व वस्तू त्याच्या ताब्यात होत्या. प्रत्येक गटाकडे तो वस्तू मोजून देई, पाण्यात टाकवून घेई, कृतिपत्रिकेवर बरोबरची खूण करवून घेई आणि वस्तू पुसून परत घेई. मुलांनी स्वतः करून पाहायचे होते, ते याप्रमाणे त्याच्या हुकमाखाली शिस्तीत पार पडत होते.

माझ्या पुढच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. तिच्या हाती क्लेचा गोळा आला तेव्हा तिने तो पाण्यात टाकण्याआधी चपटा करून पाहिला. मी केवळ एवढेच म्हणालो, “कडा थोड्या वर उचल की.” तिने कडा उचलल्या, ती वाटी अलगद पाण्यावर ठेवली आणि क्ले तरंगू लागली. एवढ्यात साहित्यप्रमुख आला.

“काका, क्ले बुडते,” तो म्हणाला. होडी कोणी केली, हे त्याने विचारलेसुद्धा नाही.

“गोळा बुडतो, बरोबर आहे. पण हे बघ, तीच क्ले आता तरंगते आहे.”

“ही क्ले नाही. ही होडी आहे.”

“होडी कशाची आहे?”

“क्लेची.”

“म्हणजे क्ले तरंगली ना?”

त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिले की मला माझे शिक्षण आठवून अवघडल्यासारखे झाले. “काका, क्ले बुडते. होडी तरंगते. होडी यादीत नाही.”

“मग यादीत लिहून टाकू या.”

“यादी छापलेली आहे.”

या उत्तरापुढे मोठमोठ्या कचेऱ्यांतून मी यापूर्वीही निरुत्तर झालो आहे, परंतु तेथे उत्तर देणाऱ्याचे दुधाचे दात पडलेले असत. मी चिवटपणे म्हणालो, “पण तिने स्वतः करून पाहिले आहे!” त्यावर त्याने शांतपणे होडी उचलली, दोन्ही तळव्यांत दाबून तिचा गोळा केला, पाण्यात सोडला आणि तो तळाशी गेल्याची खात्री करून घेतली. “बघा, बुडाली,” तो म्हणाला. “वस्तू जशी दिली तशीच परत घ्यायची असते.” त्यानंतर तो फळ्याकडे गेला. पहिली फुली बोलल्याबद्दल होती आणि दुसरी, माझ्या समजुतीप्रमाणे, उलट बोलल्याबद्दल.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे मातीचे दोन सारखे गोळे ठेवून त्यांतील एक लांबट वळला आणि माती कशात जास्त आहे असे विचारले, तेव्हा साधारण सात वर्षांखालील मुले आकार बदलला की मातीही कमीजास्त झाली असे समजतात, असे त्याला दिसले. आमचा साहित्यप्रमुख ती पायरी केव्हाच ओलांडून गेला होता. क्ले तेवढीच आहे हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याची हरकत आकाराला नव्हती, नोंदीला होती. तेवढ्याच वजनाच्या क्लेने पसरट होऊन जास्त पाणी बाजूला सारले आणि बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाइतके होताच ती तरंगली, ही पोलादी जहाजाची सगळी युक्ती त्या मुलीच्या हातात येऊन पोहोचली होती. तिच्या कृतिपत्रिकेवर मात्र ‘क्ले’ या शब्दापुढे एकच चौकट होती आणि तिच्यात ‘बुडते’ येणे अपेक्षित होते.

मी बाईंकडे तक्रार केली. त्या थकलेल्या आवाजात म्हणाल्या, “सर, मुलांचा गोंधळ होतो.” त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. वर्गभर मुले, टब एक, तास पस्तीस मिनिटांचा आणि त्यातच प्रत्येक गटाची छायाचित्रे काढून वर पाठवायची. छायाचित्रासाठी मुलांना टबावर वाकायला सांगत, हसायला सांगत आणि पाण्यात हात घालू नका असेही सांगत. कृती घडल्याचा पुरावा मिळाला की कृतीचे काम संपते, अशी एकंदर व्यवस्था आहे. ही व्यवस्था ज्यांनी कोणी आखली, त्यांना एकदा तरी त्या बाकावर बसवावे, असे मला मनापासून वाटते.

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा सुरू केली. तेथील, आपापल्या मापाच्या खळगीत बसवायच्या लाकडी दट्ट्यांची मला अलीकडे फार आठवण येते. एक दट्टा चुकीच्या खळगीत बसवला, तर शेवटी एक दट्टा असा उरतो की उरलेली खळगी त्याला घेत नाही. चूक साहित्यच दाखवून देते आणि मोठ्या माणसाने तोंड उघडण्याची गरज पडत नाही. पाणीही तसेच प्रामाणिक साहित्य आहे. त्याला यादी वाचता येत नाही. परंतु आपण त्याचे म्हणणे ऐकायचे की छापलेल्या कागदाचे, हे आधीच ठरलेले असेल, तर टब भरण्याचा खटाटोप तरी कशासाठी?

घरी करायच्या प्रकल्पांची कथा तर याहून खेदाची आहे. ज्वालामुखीची प्रतिकृती मुलांनी करायची, असे पत्रक येते आणि रात्री बारा वाजता पालक कागदाच्या लगद्याचा डोंगर रंगवत बसतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचा फेस उसळतो आणि टाळ्या पडतात. खऱ्या ज्वालामुखीत मॅग्मा वर येताना दाब कमी होऊन त्यात विरघळलेली वाफ आणि इतर वायू सुटतात, यातले अक्षरही कोणी उच्चारत नाही. मूल तोपर्यंत झोपलेले असते. हात पालकांचे, डोंगर पालकांचा आणि गुण मुलाला. पालकांना फक्त चिकटलेली बोटे.

तास संपल्यावर पालकांच्या अभिप्रायाची चिठ्ठी माझ्या हाती आली. तिच्यावर एक हसरा, एक मख्ख आणि एक रडका असे तीन चेहरे होते आणि त्यांतील एक रंगवायचा होता. मी चिठ्ठी उलटून मागच्या कोऱ्या बाजूवर होडीविषयी सविस्तर लिहायला घेतले. पहिले वाक्य पूर्ण होण्याआधीच साहित्यप्रमुख शेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “काका, मागच्या बाजूला लिहायचे नसते.” त्याने माझ्या हातातील पेन्सिल काढून घेतली, चिठ्ठी सुलट केली, हसरा चेहरा स्वतःच रंगवला आणि पेन्सिल मोजून पेटीत ठेवली.