जखमी कामगाराची उलटतपासणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भोसरीत तुमचं छोटं वर्कशॉप आहे, पाठीच्या दुखापतीचा दावा लावलेला तुमचा कामगार गावी ट्रॅक्टर चालवताना व्हिडिओत दिसतो, आणि मी मात्र जखमी कामगारांच्या उलटतपासणीवरच्या माझ्या आधीच्या लेखात मालकाच्या वकिलाने त्याला प्रश्न विचारणंच चूक ठरवलं आहे.

तसं मी मानत नाही. खोटे दावे येतात, आणि उलटतपासणी हा तुमचा हक्क आहे. व्हिडिओ जरूर दाखल करा. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) मुद्दा कमाईची क्षमता किती गेली हा असतो. दहा मिनिटं ट्रॅक्टरवर बसलेला माणूस आठ तास माल उचलू शकेलच असं नाही. डावा हात गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पूर्ण अपंगत्वाची भरपाई कायम केली. उजवा हात धड होता, पण एका हाताने सुतारकाम होत नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवर बोटं गेलेल्या पोराला दवाखान्यात नेतो कोण? बहुतेकदा सुपरवायझर, नाहीतर ठेकेदाराचा माणूस. केसपेपरवरची हकीकतही मग तोच सांगतो: घरी पडला, गाडीवरून घसरला. पोलिसांत नोंद नको असते ना! पोरगं वेदनेने अर्धमेलं, कागद इंग्रजीत. पुढे कामगार न्यायालयात मालकाचे वकील तोच कागद त्याच्यासमोर धरून विचारतात, "तेव्हा तर तू वेगळंच सांगितलं होतंस?" तो गांगरतो, गप्प बसतो. मग युक्तिवादात 'साक्षीदार विश्वासार्ह नाही'. ही सत्याची तपासणी नव्हे, हा अन्याय आहे, आणि मी त्याविरुद्ध लिहीतच राहणार.

दारू प्यायला होता, यंत्राचं सुरक्षा-कवच (गार्ड) मुद्दाम काढलं होतं, हे बचाव कायद्यात आहेत. पण ते मालकाने सिद्ध करायचे असतात, आणि मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ते चालतही नाहीत.

तुमच्या प्रकरणात दावा खोटा वाटत असेल, तर स्वतःच्या खर्चाने त्याची वैद्यकीय तपासणी करून घेण्याची सोय १९२३ च्या कायद्याच्या कलम ११ मध्ये होती. कामगाराची अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांत तसं कळवायचं असे. ती मुदत तुम्ही पाळली होती का? आणि पहिल्या दिवशीच्या केसपेपरवरची हकीकत कोणी सांगितली, हेही वकिलाला भेटण्याआधी तुमच्या सुपरवायझरला विचारा.