मुलगा अठराचा झाला म्हणून आई परकी?

आज दुपारी बँकेत एका माउलीला काउंटरवरून परत पाठवलं. साक्री तालुक्यातली बाई, सोबत एकोणीस वर्षांचा मुलगा. बौद्धिक दिव्यांगत्व ७५ टक्के, गळ्यात दोरीला पिवळं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचं, कार्ड. संजय गांधी निराधारचे पैसे त्याच्या खात्यावर जमा होतात, पण काढता येत नाहीत. खातं तो लहान असताना उघडलेलं, पालक म्हणून आईचं नाव. मुलगा अठराचा झाला आणि खातं अडकलं. साहेब म्हणाले, "पालकत्वाचं प्रमाणपत्र आणा." ती म्हणाली, "मी त्यानी माय शे, आखो कितला कागद लई येऊ?"

रांगेतले दोघं-तिघं हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात?

साहेब नियमाने बरोबर होते, बरं. अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या नजरेत मुलगा सज्ञान. त्याच्या वतीने सही करायचा आईचा अधिकार त्या दिवशी संपतो, मग मुलाला स्वतःच्या शर्टाची बटणं लावता येवोत न येवोत. पण नियम माहीत असलेल्या माणसाने अर्धाच नियम सांगायचा, ही कुठली रीत? ते प्रमाणपत्र कोण देतं, कुठे मिळतं, काय लागतं, एक अक्षर नाही. रिझर्व्ह बँकेने २००७ सालीच सांगून ठेवलंय की जिल्ह्यातल्या स्थानिक स्तर समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी चालवून घ्यावं. कोर्टात जायची गरज नाही. बाहेर मात्र कोणीतरी तिला आधीच वकील गाठायला सांगितलं होतं.

तर नीट सांगतो, शेअर करा.

राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ चा. तो चार गटांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व. त्याखाली स्थानिक स्तर समिती असते. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असे तिघं. अर्ज नमुना 'अ' मध्ये. आई किंवा वडील स्वतःचं नाव देऊ शकतात, नातेवाईकही अर्ज करू शकतात. सोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा पुरावा, दोघांचे आधार, फोटो, आणि जो पालक होणार त्याची संमती. कागद कोणत्या टेबलावर द्यायचा हे जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात आधी विचारून घ्या, नाहीतर नुसत्या चकरा होतात. समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असं कायद्यातच लिहिलंय. म्हणून अर्ज दिला की पोच घ्या, तारखेचा शिक्का मारून घ्या, आणि पुढची बैठक कधी ते तिथेच विचारा. पोच नसली की फाईल "सापडत नाही".

प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं असं समजू नका. मुलाच्या नावावर जे काही असेल, जमीन, खातं, पेन्शन, त्याची यादी सहा महिन्यांत समितीला द्यावी लागते. नंतर दर वर्षी मार्च संपला की तीन महिन्यांत जमाखर्च. ज्या बाईला अंगठा उठवावा लागतो तिने हिशोब लिहायचा! पण एका पानात होतो: किती आले, कशावर गेले. गावातल्या मास्तरांनी दहा मिनिटं दिली तरी पुरतं.

सज्ञान माणसाचा हक्क आईला का द्यायचा, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. पालक लागतोच का आणि कशापुरता लागतो, हे समितीने आधी तपासायचं असतं. ज्याला पैसे मोजता येतात, अंगठा कशाला देतोय हे समजतं, त्याचं खातं त्याच्याच नावाने चाललं पाहिजे, आणि तिथे बँकेने पालकत्वाचा हट्ट धरू नये. पण आजचा मुलगा रांगेचं टोकन चार घड्या करून परत उलगडत होता, पुन्हा चार घड्या. आईचा पदर एका हाताने घट्ट धरलेला. त्याला "अर्जदाराने स्वतः यावे" असं सांगण्यात कसला हक्क आलाय?

आणि हा मुलगा या दारापर्यंत आला तरी. कितीजण टक्केवारीतच गळतात. बौद्धिक दिव्यांगत्व ठरवताना आयक्यूसोबत व्हीएसएमएस ही चाचणी होते. त्यात मुलाला नाही, आईला विचारतात. कपडे घालतो का, एकटा शेजारी जातो का, दुकानातून वस्तू आणतो का. त्यावरून सामाजिक वय काढायचं, खऱ्या वयाने भागायचं, शंभरने गुणायचं. आई लेकराची बाजू सावरून घेते, "हो, आणतो ना" म्हणते. खरं तर दुकानदार ओळखीचा असतो, चिठ्ठी वाचून वस्तू आणि सुटे पैसे तोच पिशवीत टाकतो. त्या "हो"ला खूण होते. गुणांक ३६ ते ५४ असेल तर ७५ टक्के, ५५ ते ६९ असेल तर थेट ५० टक्के. म्हणजे एका गुणाने पंचवीस टक्के जातात. आणि एसटीत सोबत्याची अर्धी सवलत मिळायला ६५ टक्के लागतात. लेकराचं तिकीट कमीच राहतं, सोबत येणाऱ्या बापाला मात्र पूर्ण तिकीट काढावं लागतं. सातपुड्यातल्या पाड्यावरून आलेल्या पावरी बोलणाऱ्या आईला हेच प्रश्न मराठीत विचारले की काय होत असेल, तुम्हीच बघा. म्हणून आयांनो, "स्वतःहून, कोणी न सांगता करतो का?" एवढंच डोक्यात ठेवून उत्तर द्या. सांगून, धरून, मदतीने करत असेल तर तेही स्पष्ट बोला. ती लेकराची बदनामी नाही.

हे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र पाच, दहा आणि अठरा वर्षांवर नव्याने करायचं असतं. अठराचं कायमचं.

इथेच माझा संताप आहे. अठराव्या वर्षी ते पोर दिव्यांगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर बसलेलं असतं. वय समोर, टक्केवारी समोर, आई शेजारी. त्याच टेबलावर नमुना 'अ' ठेवायला काय लागतं? एक झेरॉक्स! "बाई, आता हा सज्ञान झाला, हा अर्ज भरा" एवढं एक वाक्य. ते कोणी बोलत नाही. विशेष शाळाही अठरापर्यंतच, मग तिथलेही दाखला देऊन मोकळे. पुढे काम शिकवणाऱ्या कार्यशाळा आहेत म्हणे. साक्रीच्या शेतातून रोज धुळ्याला नेणार कोण, आणि त्या दिवसाची मजुरी कोण देणार?

पैशाचंही तेच. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचं अनुदान दीड हजाराचं अडीच हजार झालं, चांगलं झालं, नाकारत नाही. थेट खात्यात येतं, मधले दलाल गेले, तेही खरं. पण घरच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५० हजार. म्हणजे अख्ख्या घराने दिवसाला १३७ रुपयांत भागवायचं. कपाशी वेचायला नवरा-बायको दोघं गेले की ती ओलांडली. मग तलाठ्यापासून तहसीलपर्यंत सगळेच मिळून एक खोटा आकडा लिहितात, सगळ्यांना माहीत असतं, आणि वेळ आली की त्याच आकड्यावरून बाईला दम देतात.

आणखी एक. आधारला पंधराव्या वर्षी बोटं आणि डोळे पुन्हा द्यावे लागतात. ते राहिलं की मशीन नाही म्हणतं आणि पैसे अडकतात. आज काउंटरवर त्या पोराचं बोट काचेवर धरलं, आतला लाल दिवा लागला, आणि त्याने असा झटका दिला की मशीन खालीच आलं असतं. आईच माफी मागत होती. अशा मुलांना सकाळी आधार केंद्र उघडताना न्या, गर्दी नसते. बोट कोरडं पुसा, मशीन आधी हातात घेऊन बघू द्या, आणि बोटं नाहीच जमली तर डोळ्यांवरून करा म्हणून सांगा.

निरामय आरोग्य विमाही राष्ट्रीय न्यासाचाच. एक लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, थेरपीचा खर्चही त्यात बसतो. नोंदणी दारिद्र्यरेषेखाली २५० रुपये, बाकीच्यांना ५००. मुदत ३१ मार्चला संपते, नूतनीकरण विसरू नका. पक्क्या पावत्या जपा.

माझ्या यादीत ग्रामसेवक आहेत, सरपंच आहेत. ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी असतात, तुम्हाला मी सांगायला नको. दर वर्षी त्यातून ब्लँकेटं वाटू नका. गावात सतरा वर्षांचं असं लेकरू कोणत्या घरात आहे ते अंगणवाडीताईंना विचारा, आणि त्याच्या आईचा नमुना 'अ', झेरॉक्स, फोटो आणि जिल्ह्याच्या गावाला जायची गाडी एवढं त्या पैशांतून करा. कार्यक्रमाचा फोटो काढायला सरपंच उभे राहिले तरी चालतील.